टाकीच्या तळाशी

बीएस्सी झाल्यावर मी बेंगळूरच्या एका बिअर कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. साठीच्या दशकाची ती सुरुवात.

बिअरची कृती तशी सोपी. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात कालवायचे. निघालेल्या गोड पाण्यात हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचं, थंड झालं की यीस्ट. मग टाकीत ते आठवडाभर फसफसतं. साखरेची दारू होते आणि वायू सुटतो. हवेपेक्षा जड. टाकी रिकामी केली तरी तो तळाशी बसून राहतो. म्हणून माणूस उतरवण्याआधी पेटती मेणबत्ती सोडायची. ती विझली, तर उतरायचं नाही.

जवळच्या येलहंक्याचे दोघे भाऊ टाक्या धुवायचे. त्या सकाळी मुकादमानं धाकट्याला शिडीकडे ढकललं.

"मेणबत्ती?" मी विचारलं.

"नवा माल खोळंबलाय. पाच मिनिटांचं काम आहे."

मी गप्प बसलो. नोकरी लागून तीनच महिने झाले होते.

धाकटा तळाशी पोचला, ब्रश घेऊन वाकला आणि आवाज न करता पालथा पडला.

"तम्मा!" धाकट्या भावाला कन्नडमध्ये हाक मारत थोरला शिडीकडे झेपावला. मी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. "तूही मरशील!" त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली. दोन दात तुटले, तरी मी सोडलं नाही. मग इतरांनी त्याला आवळून धरलं आणि माझ्या कमरेला दोर बांधला. श्वास कोंडून मी उतरलो, धाकट्याच्या काखेत दुसरा दोर अडकवला. त्याला वर ओढलं तेव्हा तोंड निळं पडलं होतं. आम्ही छाती दाबत राहिलो. श्वास आलाच नाही.

"सकाळीच पिऊन आला असेल," मुकादम म्हणाला.

थोरल्यानं सातू घाटायचं लाकडी वल्हं उचललं. पहिल्या घावात मुकादमाचा हात मोडला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. दुसरा घाव गुडघ्यावर. चौघे आवरायला धावले. मी जागचा हललो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पोलिसांत मी जबानी दिली, की मुकादमानं मेणबत्ती सोडली नव्हती. माझी नोकरी गेली. थोरल्याला तरीही तुरुंग झालाच.

सुटल्यावर तो राजाजीनगरला आमच्या घरी आला. आईनं कॉफी पुढे ठेवली.

"सार, तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मग त्याला अडवलं का नाही?"

कॉफीला हात न लावता तो उठून गेला.