साडूचं सपाट पोट बघायला वऱ्हाडात

वऱ्हाडात जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. माझ्या बायकोची, शुभदाची, धाकटी बहीण अर्चना अकोल्याला असते. तिने नवऱ्याचा फोटो पाठवला होता: शर्ट खोचलेला आणि पोट जवळजवळ गायब. "बघा जरा प्रमोदरावांकडे," शुभदा म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन उठून गेली. तो फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. सपाटच होतं.

ज्यांना साडू नाही त्यांना ही जळजळ कळणार नाही. भावाशी बरोबरी करून माणूस एक दिवस थकतो, साडूशी मात्र बायको रोज करून देते. शिवाय गेल्या वर्षी मी आणि प्रमोदराव एकाच नावेत होतो. साखर काठावर, यकृतावर चरबी, डॉक्टरांची तीच तंबी. मग मी नाशकात डाएटचा डबा लावला, परदेशी ओट्स आणले, हिरवा रस प्यायलो. माझं वजन तसूभर हललं नाही, आणि हा तिकडे शर्ट खोचतोय! त्यात हुरड्याचं आमंत्रण आलं. मी लगेच हो म्हटलं. हा गपचूप कसली तरी पावडर घेत असणार, याची मला खात्रीच होती.

नाशिक रोडहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी अकोला. जाणार असाल तर थंडीतच जा. पहाटे स्वेटर, दुपारी हाफ शर्ट. उन्हाळ्यातलं अकोला पाहुण्यांसाठी नाही. स्टेशनावर प्रमोदरावांनी मिठी मारली, तेव्हा आधी माझं पोट त्यांच्यापर्यंत पोचलं, मग मी.

"कसे हाय भाऊजी? प्रवासात झोप लागली का नाही?"

"लागली की," मी म्हणालो. शुभदा तोवर माहेरच्या बोलीत शिरलीही होती. "काहून इतके वाळले तुमी?" ती त्यांना कौतुकाने विचारत होती. मला हा प्रश्न तिने लग्नानंतर एकदाही विचारलेला नाही.

प्रमोदरावांचं मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान घराखालीच आहे. नाश्त्याला ज्वारीच्या कण्या आणि ताक. जेवताना आधी मुळा-काकडी, मग अंबाडीची भाजी, वरण, मटकीची उसळ, आणि भाकरी अगदी शेवटी. भात वाटीभर. जेवण झाल्यावर हे गृहस्थ आडवे न होता गल्लीत फेऱ्या मारायला गेले. ती संधी साधून मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. एक बरणी संशयास्पद वाटली. झाकण काढून वास घेतला.

"जवसाची चटणी आहे ती," मागून शुभदाचा आवाज आला. "काय शोधताय?"

"मीठ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीने निघालो. मूर्तिजापूरला चहा घेतला. इथून अचलपूरला जाणाऱ्या छोट्या आगगाडीतून या दोघी बहिणी लहानपणी मामाकडे जायच्या. ती आता बंद आहे, त्यामुळे रस्त्यानेच जावं लागतं. अकोला ते अमरावती रस्ता उत्तम. पुढे अचलपूर-परतवाड्याला एसटी भरपूर मिळतात, स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. चहात प्रमोदरावांनी साखर घेतली नाही. मीही नाही घेतली. त्यांनी घोट घेऊन "आहा" केलं. मला काही ते जमलं नाही.

अमरावतीत राजापेठेत गाडी लावायला जागा मिळणं हे भाग्य. शिकवणीला निघालेल्या पोरापोरींच्या स्कूटींतून वाट काढत आम्ही गिल्या वड्याच्या गाडीवर पोचलो. दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वर तिखट चटणी. अमरावतीला जाऊन हा न खाता परत येऊ नका. मी मुद्दामच चार प्लेट सांगितल्या. आता हा नाही म्हणणार आणि आपण मिटक्या मारत खाणार, असा बेत होता. पण त्यांनी प्लेट उचलली आणि शेवटचं दहीसुद्धा चमच्याने निपटून घेतलं.

"तुम्हाला हे चालतं?" मी विचारलं.

"काहून नाही चालणार? रोज थोडीच येऊन राहिलो इथं!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या प्लेटला हात जोडले. ती दुसरी प्लेट रागाच्या भरात मी खाल्ली. उपाशी राहून बारीक झालेल्या माणसाची कीव तरी करता येते. गिला वडा खाऊन बारीक राहिलेल्याचं काय करायचं?

अचलपूरच्या पुढे त्यांच्या मित्राचं शेत होतं. एका बाजूला संत्र्याची झाडं, दुसरीकडे ज्वारी. शेकोटीपर्यंत बांधावरून चालत जायचं होतं. प्रमोदराव आणि शुभदा पुढे, कशावर तरी हसत. अर्चना मध्ये. मी सगळ्यांत मागे, पोटात दोन गिले वडे आणि तोंडाने श्वास. पोचेपर्यंत माझा शर्ट घामाने चिकटला होता.

गरम हुरडा तळहातावर आला. चोळला, फुंकर मारली, जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकला. इतकं गोड, कोवळं काही मी कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं. तेवढ्यात शुभदा म्हणाली, "प्रमोदरावांनी खरंच कमाल केली हं." आणि माझा तोल गेला.

"त्यात कसली कमाल? घराखाली दुकान, बायको गरम वाढणार. आमच्यासारखी नोकरी करून दाखवा म्हणावं!"

प्रमोदराव कणसाकडे बघत राहिले. बोलली ती अर्चना.

"भाऊजी, यायच्या बाबाचा, माह्या सासऱ्याचा, पाय साखरेनं कापा लागला. दवाखान्यात हेच होते सोबत. सोताचा रिपोर्ट आला तवा चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. मंग मी ठरवलं, घरात दोन सैपाक होनार नाही. आमच्या पोरी ताट सारून उठत. मी मोरीत जाऊन रडली हाय, भाऊजी. गरम वाढनं दिसते तुमाले."

"जाऊ दे ना," प्रमोदराव म्हणाले. "भाऊजी, मी एकटा असतो तर मले कायी जमलं नसतं."

परतवाड्याला एका साध्या लॉजमध्ये मुक्काम होता. जेवणाआधी शुभदा आणि मी रस्त्यावर फिरायला निघालो. चालता चालता ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं, मी त्यांचं पोट बघते. मला अर्चनाचा हेवा वाटतो."

"तिचा? का?"

"ती म्हणते, आम्ही साखर कमी केली. आपल्याकडे तुमचा डबा दारात येतो, त्यावर तुमचं नाव. तुम्ही तो टीव्हीसमोर खाता. माझी पोळी-भाजी मी ओट्यापाशी उभ्याने खाते. तुम्हाला काय झालंय, हे तुम्ही डबेवाल्याला सांगितलंत. माझ्याशी बसून कधी बोललात?"

साडूवर जळायला मी इतक्या लांब आलो होतो, आणि माझ्याच घरात माझ्याशेजारी कोणी जळतंय याचा मला पत्ता नव्हता. सकाळी मी अर्चनाची माफी मागितली. "होते असं," ती म्हणाली आणि बरोबर आणलेली भाकरी वाढली.

नाशकात परतून आता बरेच आठवडे झाले. डबा बंद केला. जेवण एकच, टेबलावर, समोरासमोर. माझी नोकरी तीच आहे, त्यामुळे रात्रीचं जेवण कधी कधी उशिराच होतं आणि तेव्हा कुरबुरही होते. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहतील. साखर जरा उतरली आहे. पोट अजून शर्टाच्या बाहेर डोकावतं.

मत्सर गेला का? छे. काल प्रमोदरावांचा नवा फोटो आला, चिखलदऱ्याच्या घाटात सायकलवर. पोटऱ्या बघून माझ्या अंगाची आग झाली.

"आपणही सायकल घ्यायची का?" मी शुभदाला विचारलं.

तिने ज्वारीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "आधी हे निवडा," ती म्हणाली, आणि अर्धी ज्वारी स्वतःकडे ओढून समोर बसली.