पाद्रीसाहेबांची गाणारी पेटी

पाद्रीसाहेबांनी मुंबईहून ग्रामोफोन आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या चर्चचा कीर्तनकार मी. दर गुरुवारी गोदाकाठच्या मळेवाल्यांच्या वस्तीवर जायचं आणि चिपळ्यांच्या ठेक्यावर येशूची कथा सांगायची, हे माझं अकरा वर्षांचं काम. आता तबकडीच भजन गाणार म्हटल्यावर मला कोण विचारतो? "दोघं मिळून गा," पाद्रीसाहेब हसून म्हणाले. ते हसले की मला जास्तच धास्ती वाटे.

त्या गुरुवारी पेटी चिंचेखाली मांडली. पंचवटीत फुलं विकून आलेल्या बाया लांबच उभ्या राहिल्या. एकीने तर मागे जाऊन कोणी दडून बसलंय का, तेही पाहून घेतलं. मला बरंच वाटलं. वर मी एक डावही टाकला होता. "नेहमीसारखं ध्रुपद उचला बरं का," असं बायांना हळूच सांगून ठेवलं होतं. कीर्तनात मी ध्रुपद म्हणून थांबतो, मग त्या म्हणतात. पेटी कशाला थांबते? बायांनी ध्रुपद उचललं, तोवर ती पुढच्या कडव्यात पोचलेली.

"हिला काय रीतभात नाय," एकजण चिडून म्हणाली. मला आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात पुढे बसलेली म्हातारी उठली. माझी सगळ्यांत लाडकी श्रोती. माझ्या कीर्तनात ती डोलली नाही असं कधी झालं नव्हतं. पाद्रीसाहेबांना मी तिचाच दाखला द्यायचो. ती सरळ पेटीपाशी गेली, पदर मागे सारून तिने कर्ण्यात कान घातला आणि तशीच बसून राहिली. तबकडी संपली, तशी परत लावायची खूण केली. तिचे डोळे भरून आले होते.

"आज ऐकाया आलं," ती म्हणाली. "लय गोड हाय."

मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, "आजी, मग माझ्या कीर्तनात डोलायचीस ती कशावर?"

"समदे डोलायचे बुवा, म्हून मी बी."

मी वरमलो. राग तिचा नाही, माझाच आला. अकरा वर्षांत तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोललो नव्हतो. पेटीला पुन्हा चावी मीच दिली.

त्यानंतर पुष्कळ कीर्तनं केली. पण समोर कोणी फार डोलायला लागलं, की मी चिपळ्या थांबवून विचारतो, "बाई, आत्ता मी काय म्हणालो?"