मी तात्पुरत्यातली

लहानपणी कुणी विचारलं, "कुठं राहतेस गं?" की मी सांगायची, "तात्पुरत्यात." पानशेतच्या पुरात नदीकाठचं आमचं घर गेलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमच्यासारख्या एकोणीस कुटुंबांना सरकारने गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी, ओळीने एकोणीस खोल्या बांधून दिल्या. वर पत्रे, आणि भिंतीवर काळ्या अक्षरांत 'पूरग्रस्तांसाठी तात्पुरत्या खोल्या'. वर्षभरात पक्की घरं देतो असं सांगून साहेब लोक जीपमधून गेले ते गेलेच. भिंतीवरचा रंग उडाला, पण तो शब्द आमच्या तोंडी राहिला. पोस्टमन 'तात्पुरत्या खोल्या, नंबर सात' वाचून बरोबर आमच्या दारात उभा राहायचा. लग्नपत्रिकांवर तोच पत्ता. माझा धाकटा भाऊ तात्पुरत्यात जन्मला, आई तात्पुरत्यातच गेली. या शब्दाला दुसराही काही अर्थ असतो हे वीस वर्षांत आम्ही पार विसरून गेलो होतो.

खोल्यांना लागूनच एका संस्थेने आमच्या ओळीतल्या मुलांसाठी शाळा काढली. मी तिथेच शिकले आणि डी.एड. करून तिथेच लागले. तोवर आजूबाजूला वस्ती वाढली होती, शाळा मात्र पाच खोल्यांचीच होती. माझ्या तिसरीच्या वर्गात बासष्ट मुलं. तिघांच्या बाकावर पाच जण बसत. ज्यांना बाक मिळत नसे ती पुढच्याच्या पाठीवर वही ठेवून लिहीत. पाठ हलली की अक्षर बिघडे, आणि मी ओरडे ते लिहिणाऱ्यावर. मी चिडकी होते. अजूनही आहे. पण त्या वर्गात साक्षात गरीब गाय उभी केली असती तरी आठवड्याभरात शिंगं रोखून धावली असती.

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी एक दिवस मला बोलावलं. "आपल्याला वर्ग वाढवायचेत. खोल्यांच्या मागची मोकळी जागा मागून घेऊ. तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज तुम्हीच लिहा."

मागे एक नळ होता, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, बाकी सगळी जागा रिकामी. मी अगदी मन लावून लिहिलं. 'शाळेस लागून असलेल्या तात्पुरत्या खोल्यांच्या मागील मोकळी जागा नवीन वर्गांसाठी मिळावी.' मग ओळीत फिरून सह्याही मीच घेतल्या. पहिली सही माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुसरी शेजारच्या आठ नंबरातल्या चाचांची. चाचा बाइंडिंगचं काम करायचे, शाळेचे सगळे हजेरीपट त्यांच्याच हातचे. "आपल्याच पोरांसाठी आहे, हजार सह्या घे," असं म्हणून त्यांनी खळ लागलेलं बोट लेंग्याला पुसलं आणि सही केली.

काही महिन्यांनी उत्तर आलं. मोठ्या बाईंनी पेढे आणले. मी पेढा तोंडात टाकला आणि पत्र हातात घेतलं. शाळेची गरज रास्त आहे, असं त्यात होतं. सदर खोल्या तात्पुरत्या स्वरूपाच्या असल्याचे अर्जदारांनीच नमूद केले असल्याने खोल्यांसह संपूर्ण जागा शाळेस देण्यात येत आहे, रहिवाशांची सोय अन्यत्र करण्यात येईल, असंही होतं. पेढा थुंकावा की गिळावा मला कळेना. गिळला.

"बाई, मी खोल्या मागितल्या नव्हत्या," मी म्हटलं.

"मीही नव्हत्या मागितल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण मिळाल्यात. पुढच्या वर्षी तुमच्या बासष्टचे ऐंशी होतील. त्यांना कुठे बसवू, तेवढं सांगा. मी आत्ता पत्र परत पाठवते."

त्या बाईंवर मला मनापासून चिडायचं होतं, पण तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

संध्याकाळी ओळीतली सगळी माणसं आमच्या दारात जमली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण कुणी काही बोललंच नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, त्यांचा अर्ज लिहिलास. आता आपला लिही." मी लिहिला. आम्ही येथील कायमचे रहिवासी आहोत, आमची रेशनकार्डे, आमची मुले, आमची माणसे येथलीच आहेत, वगैरे. इतकं कळवळून मी पुन्हा आयुष्यात काही लिहिलं नाही.

सुनावणीला अण्णा, चाचा आणि मी गेलो. साहेबांनी फायलीतून दोन कागद काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.

"आपलं अक्षर फार सुरेख आहे हो," ते मला म्हणाले. "दोन्हीकडे."

त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"इथे आपण लिहिता, तात्पुरत्या. इथे लिहिता, कायमचे. आपण मुलांना व्याकरण शिकवता ना? मग एकदा काय ते ठरवा."

"साहेब, ते नाव आहे," मी म्हटलं. "आमच्या ओळीचं नाव आहे ते."

"नाव," साहेब म्हणाले आणि फाईल मिटली. बाहेर आल्यावर चाचा कितीतरी वेळ कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. अण्णा म्हणाले, "चला, बस चुकेल."

सगळ्यांना खराडीच्या पुढे घरं मिळाली. तेव्हा तिथे शेतं होती आणि त्यात मध्येच चार मजली इमारती. एकेक खोली. अण्णा चौथ्या मजल्यावर, चाचा दुसऱ्या इमारतीत. जिथे वीस वर्षं भिंतीला भिंत होती, तिथे आता भेटायचं तर जिने उतरून चढायचे, म्हणून दोघं खिडकीतून हात करायचे. शाळेत यायला दोन बस बदलाव्या लागत. आमच्या खोल्या पाडून बांधलेल्या शाळेच्या नव्या इमारतीत मी पहिल्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा आमच्या ओळीतलं एकही नाव पटावर नव्हतं. पट चाचांनी बांधलेला नव्हता, दुकानातला होता. मी तो रेटून वाचला आणि कारण नसताना एका मुलाला उभं केलं.

काही वर्षं वर्ग भरले, खोटं कशाला बोलू. मग जवळपास इंग्रजी शाळा निघाल्या आणि मुलं तिकडे जायला लागली. बासष्टचे चाळीस झाले, चाळीसचे चोवीस. आधी तुकड्या बंद झाल्या, मग वरचा मजला बंद झाला. त्याला कुलूप लागलं आणि आत मोडके बाक रचले गेले. ज्या जागी सात नंबर होता, तिथला खालचा वर्गही पुढे कुलपात गेला.

लग्नानंतर मी कात्रजला राहायला गेले होते. दर रविवारी डबा घेऊन अण्णांकडे जायची. आता त्यांच्या खिडकीसमोर काचेच्या उंच कचेऱ्या झाल्या होत्या, चाचांची इमारत दिसेनाशी झाली होती, आणि चाचा त्याआधीच गेले होते. अण्णांचा दर रविवारी एकच प्रश्न असे.

"वर्गात पोरं किती?"

"साठ."

"जागा पुरते का?"

"कुठली पुरतेय!"

"बरं झालं मग," असं म्हणून ते जेवायला बसत. त्या 'बरं झालं'साठी मी वर्षानुवर्षं खोटं बोलले, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या एका रविवारी त्यांनी ताट तसंच ठेवलं. उभा जन्म त्यांनी मंडईत बटाट्याच्या गाळ्यावर वजनं करण्यात घालवला होता.

"गेल्या रविवारी साठ, त्याच्या आधी साठ, आजही साठ," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत एक पोर वाढत नाही की घटत नाही? मला काट्यावरचं सांग."

मी पाणी प्यायले.

"अकरा," मी म्हटलं.

मी वाटीत आमटी वाढली, ती त्यांनी हाताने दूर सारली.

"अकरा," ते म्हणाले. "आणि आम्ही घरं एकोणीस होतो गं."