जावयाच्या पेजचा मान

"बाकी समदे बंद करा सर. पन जावयाच्या पेजला हात लावू नका."

राणीसावरगावचे गोविंदमामा असं म्हणाले आणि मी लॅपटॉप मिटला. सगळी भानगड नेमकी त्याच पेजची होती.

मी परभणीत छोट्या धंदेवाल्यांची सोशल मीडियाची खाती सांभाळतो. मामांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. दर सीझनला घरातलं कुणीतरी हौसेनं दुकानाच्या नावाचं एक पेज काढायचं आणि पासवर्ड विसरायचं. आता अधिक महिना लागला होता. लग्नं नाहीत, मंडप गोदामात, मामा रिकामे. कोणती खाती ठेवायची, कोणती सोडायची, हे ठरवायला त्यांनी मला बोलावलं होतं.

मुलाचं, पुतण्याचं, जुन्या मॅनेजरचं अशी खाती पटापट मार्गी लागली. राहिलं थोरल्या जावयांचं. सगळ्यात जास्त फॉलोअर त्यालाच. प्रत्येक फोटोत मंडपासमोर गॉगल लावून दाजी स्वतः उभे. एका फोटोत तर नवरानवरी त्यांच्या खांद्यामागून डोकावत होते. लोक बुकिंगसाठी तिथंच मेसेज टाकायचे. दाजी सगळे मेसेज वाचायचे आणि एकालाही उत्तर द्यायचे नाहीत.

"का पण?" मी विचारलं.

"जावयानं सासऱ्याच्या धंद्यात तोंड घालू नये म्हनत्यात."

या तत्त्वापायी मागच्या लगीनसराईत बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या मंडपवाल्याकडं गेली होती. अजून एक सीझन असा गेला तर मामांना गडी कमी करावे लागणार होते. मला हसू येत होतं आणि संतापही.

"मामा, पेजचे ॲडमिन दाजी आहेत. ॲडमिन म्हणजे ज्याच्याकडं किल्ल्या. त्या मागून घ्या, पेज ठेवू. नाहीतर त्यांनाच बंद करायला सांगा."

"सर, धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यावं लागतंय. आन तुमी घ्या म्हनायलाव? माझ्या पोरीला नांदायचं हाय."

"मग मी मागतो."

रविवारी दाजी देवगाव फाट्याहून धोंडे खायला आले. दोन्ही जावई पाटावर, शेजारी मी. धाकटे खाली मान घालून धोंड्यांचा फडशा पाडत होते. थोरले तुपाच्या धारेची रील काढत होते.

मी घास गिळला. "दाजी, एक अडचण आहे. तुमच्या फोटोंत मंडप मधे येतो."

पंगत थांबली. मामांनी डोळेच मिटले.

दाजींनी गंभीरपणे मान हलवली. "मला बी लय दिवसांपासून तसंच वाटायलंय."

"तुम्हाला स्वतंत्र अकाउंट पाहिजे. त्यात फक्त तुम्ही. हे मंडपाचं लचांड द्या मामांच्या गळ्यात बांधून."

"देतो की. पन नवं अकाउंट मी मागनार न्हाई. मानानं दिलं तर घेईन."

मग मानानंच दिलं. जेवणं आटपेपर्यंत मी त्यांच्या मोबाईलवर नवं अकाउंट उघडलं. वाणाच्या ताटात अनारसे, दिवा आणि मोबाईल. मामींनी जावयाला ओवाळलं आणि मोबाईललाही हळदीकुंकू वाहिलं. बोट लागून कुणाच्या तरी फोटोला लाइक गेलं. दाजींनी ताट घेतलं, जुन्या पेजचं मला ॲडमिन केलं आणि स्वतः त्या पेजमधून बाहेर पडले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझाही ऊर भरून आला. त्यात थोडा वाटा धोंड्यांचाही असेल.

मी बॅग उचलली. तेवढ्यात धाकट्या जावयांनी दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, आमच्या ताटात नुसतेच अनारसे?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी बॅग खाली ठेवली.

मामांच्या पेजवर आता बुकिंगच्या मेसेजला उत्तरं जातात, गडी सगळे कामावर आहेत. धाकट्या जावयांकडं बटनाचा फोन आहे, त्यामुळं त्यांचं अकाउंट मीच चालवतो. रोज सकाळी त्यांच्या वतीनं जगाला सुप्रभात म्हणतो. हल्ली नवं काम घेताना खाती किती, हे मी विचारत नाही. लेकी किती ते विचारतो, मग रेट सांगतो.