खंड्याचा कान

गोदीत त्याला सगळे खंड्या म्हणत. पाण्यात सूर मारणारा तो निळा पक्षी आणि हा, यांच्यात साम्य म्हणाल तर एवढंच की दोघांचं पोट पाण्यावर. बाकी हा रुंद खांद्यांचा, जाड मानेचा, जमीन दाबत चालणारा गृहस्थ. काम पाणबुड्याचं. जहाज धक्क्याला लागलं की त्याच्या तळाखाली जायचं, चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेला दोर कापायचा, पत्र्याला चीर गेली असेल तर हातांनी चाचपून वर कळवायचं. पाणी एवढं गढूळ की स्वतःचा हात दिसला तरी नशीब समजायचं.

बोलण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. एका ‘हूं’वर दिवस काढणारा माणूस. त्याची बायको भावाकडे म्हणून गेली ती परत आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. जाताना एवढंच म्हणाली, “तुम्ही वाईट नाही हो. पण कपाटाशी संसार किती वर्षं करायचा?” यावर पठ्ठ्याने तिची जड बॅग तेवढी बसपर्यंत उचलून नेली. आता अशा माणसाला काय म्हणावं?

पण हा माणूस एकटा नव्हता, निदान पाण्याखाली तरी नव्हता. पाणबुड्याच्या हेल्मेटमध्ये हवेच्या नळीबरोबर एक तार येते. तारेच्या दुसऱ्या टोकाला धक्क्यावर एकजण हेडफोन लावून बसलेला असतो. खालच्याला हवा किती, दोर सैल की ताठ, वर कधी घ्यायचं, हे सगळं त्याच्या हाती. खंड्याच्या तारेवर इतकी वर्षं एकच माणूस होता. त्याचं नाव पडलं होतं रेडिओ, कारण तो एकदा सुरू झाला की थांबत नसे. बायको सकाळी काय टाकून बोलली, सासूबाईंचा गुडघा कुठल्या तेलाने उतरला आणि कुठल्याने चढला, मुलगी गणितात कशी गटांगळ्या खाते, जिन्याची तिसरी पायरी दुरुस्त करायला सुतार कसा येतो येतो म्हणून येत नाही. खंड्या अंधारात शिंपले खरवडत असे आणि कानात एक भरलेलं घर नांदत असे. मधेच तो ‘हूं’ म्हणे. रेडिओला तेवढं पुरे.

गंमत म्हणजे वर आल्यावर दोघांत फारसं बोलणं नसे. रेडिओ हेडफोन काढला की दुसराच माणूस. डबा उचलायचा, स्कूटरला लाथ मारायची आणि घर गाठायचं. “ये की कधी घरी,” असं तो अधूनमधून म्हणे, पण तसं आपण सगळेच सगळ्यांना म्हणतो. खंड्या कधी गेला नाही.

मग त्याला सर्दी झाली.

सर्दीत पाण्यात उतरायचं नाही, हे पाणबुड्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. नाकामागून कानात हवा नेणारी एक बारीक वाट असते. ती सुजली की कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही आणि पडद्याचे हाल होतात. खंड्याने हेच स्वतः कितीतरी नव्या पोरांच्या कानीकपाळी ओरडून, म्हणजे त्याच्या हिशेबाने दोन वाक्यांत, सांगितलेलं होतं. पण रजा घेतली की दिवसभर खोलीत बसावं लागणार. त्यातून रेडिओच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि गोष्ट अर्धवट राहिली होती. म्हणून या शहाण्याने नाकात मोकळं करणारे थेंब सोडले, दोन्ही कान पुट् पुट् वाजलेले ऐकले आणि खुशाल हेल्मेट चढवलं.

थेंबांचा जोर असतो तोवर असतो. काम लांबलं. वर यायची वेळ झाली तेव्हा ती वाट पुन्हा बंद झाली होती, आणि खाली भरलेली हवा आत कोंडून बसली. थोडा वर सरकला तसा डाव्या कानात कुणी सुई खुपसावी तशी कळ गेली. मळमळलं, वर कुठे आणि खाली कुठे तेही कळेना. तो थांबला, पुन्हा जरा खाली गेला, आवंढे गिळले, जबडा हलवला. तारेवर रेडिओ सांगत होता की मुलाकडच्यांचा होकार आला, पण सासूबाईंना मुलाचं नाक पसंत नाही. खंड्या इंचाइंचाने वर आला. शेवटी कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं. त्यानंतर कळ थांबली आणि आवाज सुरू झाला.

टीव्हीवरचं चित्र गेलं की नुसता उरतो तसला तो बारीक, एकसुरी आवाज. पुसून जाईना, झटकून जाईना.

कानाच्या डॉक्टरीणबाई रोखठोक होत्या. आतल्या कानाला दाबाचा फटका बसला आहे, म्हणाल्या. सूज उतरेपर्यंत कानात दडे बसल्यासारखं वाटेल, नाक दाबून जोरात फुंकायचं नाही, आणि पाण्यात उतरणं संपलं.

“आणि हा आवाज?” त्याने विचारलं.

“कमी होईल, किंवा राहीलही. खोटं कशाला सांगू? शांततेत बसत जाऊ नका. पंखा असू दे, बारीक आवाजात काहीतरी चालू ठेवा. तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की हळूहळू तो मागे सरतो. सगळ्यात चांगलं म्हणजे माणसांत राहायचं, बोलायचं. घरी कोण कोण असतं?”

“असतात,” खंड्या म्हणाला.

घरी पंखा होता. थंडीतही तो लावून ठेवू लागला आणि घोंगडी पांघरून त्याखाली बसू लागला. नळ जरासा सैल सोडून खाली बादली ठेवली. टीव्हीवर बातम्या लावून आवाज इतका कमी केला की नुसती कुजबुज राहावी. कोण पडलं, कोण निवडून आलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. वाफ घेतली, च्युइंगम चघळलं, आरशापुढे उभं राहून जांभया दिल्या. कधीकधी जांभईबरोबर कान पुट्कन उघडे. क्षणभर बाहेरचा रस्ता, शेजारच्यांची भांडी, सगळं स्वच्छ ऐकू येई आणि त्याच्या मनात आशा उभी राही. मग कान पुन्हा बसे आणि शिट्टी आपल्या जागी परत येई. बहिणीचा दर रविवारी फोन यायचा. “दादा, उचलायला इतका वेळ का लावतोस? बरा आहेस ना?” ती विचारायची. तो फोन उजव्या कानाला लावून म्हणायचा, बरा आहे. तिला काय सांगणार? दुखतंय म्हटलं तर दाखवता येतं, वाजतंय ते कसं दाखवायचं? त्याला फार एकटं वाटत होतं. इतकी वर्षं वाटत नव्हतं असं नाही, पण तेव्हा ते शांत होतं.

गोदीने त्याला काढलं नाही. मुकादम भला होता, त्याने त्याला धक्क्यावर हवेच्या यंत्राजवळ बसवलं. खाली आता नवा पाणबुड्या जाई, तरणाताठा, हसरा. आणि तारेवर तोच रेडिओ. खंड्या यंत्राचा काटा बघत बसे आणि उजव्या कानाने ऐके. तीच तिसरी पायरी, तोच सुतार, तोच गुडघा. मुलीचं लग्न ठरल्याचं, तारीख धरल्याचं त्याला असंच कळलं, दुसऱ्याला सांगितलेलं ऐकून. स्वतःच्या बायकोचंही त्याने कधी इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग एक दिवस मुकादम आला. “रेडिओ मुलीच्या लग्नासाठी रजेवर चाललाय. तेवढे दिवस तार तू धर. पाण्याखालचं तुला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळणार? जमलं तर पुढे कायमचं बघू. त्यालाही आता हिशेबाच्या खोलीत बसायचंय.”

खंड्याचा विश्वास बसेना. तार पुन्हा मिळणार होती. उलट्या टोकाने का होईना, कानात माणूस असणार होतं. त्या संध्याकाळी तो पंखा लावायलाही विसरला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला, “जरा बसून बघ, मी चहा घेऊन आलो.” खंड्याने हेडफोन चढवला. बाहेरचे आवाज बंद झाले आणि इतके दिवस यंत्राच्या घरघरीत बुडालेली ती शिट्टी दोन्ही बाजूंनी डोकं भरून वर आली. तिच्या मागे कुठेतरी नव्याचा श्वास चालू होता. मग तो काहीतरी बोलला. बोलला एवढं कळलं. काय, ते नाही. खंड्याने हेडफोन दाबून धरला. तो पुन्हा बोलला. तेवढ्यात रेडिओ आला, हेडफोन घेतला, “हां, हां, सोडतो,” म्हणाला आणि नळी जरा सैल केली. बस, एवढंच होतं. त्या वेळी एवढंच होतं.

“जमेल ना रे?” लांबून मुकादमाने विचारलं.

“हूं,” खंड्या म्हणाला.

त्या एका हुंकाराने त्याला रविवारपर्यंत घास गोड लागू दिला नाही. नाही म्हणावं तर तार गेली, आणि तिच्याबरोबर उरलंसुरलं सगळं गेलं. गप्प बसावं तर तो हसरा पोरगा खाली, आणि वर आपण, बहिऱ्यासारखे. रेडिओ रजेवर जायच्या आधी त्याला तरी सांगायला हवं होतं. रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्यांदाच रेडिओच्या घरी गेला.

घर शोधावं लागलं नाही. हिरवं फाटक, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळं सांगितल्याबरहुकूम. जिना चढताना त्याने तिसऱ्या पायरीवर पाय दिला नाही. दार एका बाईंनी उघडलं. यांना त्याने कुठेही ओळखलं असतं; या चहात साखर कमी घालतात आणि रागावल्या की भांडी आपटतात.

“कोण हवंय?” त्यांनी विचारलं.

“मी गोदीतला,” तो म्हणाला. “पाण्यातला.”

बाईंना काही उमगलं नाही. “अहो,” त्यांनी आत हाक मारली, “कुणीतरी आलंय तुमच्याकडे.”

रेडिओ बनियनवरच बाहेर आला आणि गडबडला. “अरे, तू? ये, ये. हे आमच्या कामावरचे,” त्याने बायकोला सांगितलं. कामावरचे. खंड्या खुर्चीच्या कडेवर टेकला. खिडकीजवळ सासूबाई बसल्या होत्या. गप्प बसणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने विचारलं, “आजी, गुडघा कसा आहे? त्या काळ्या तेलाने उतरला का?”

आजींनी परक्या माणसाकडे बघून लुगडं गुडघ्यावरून खाली ओढलं. बाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की भांडी आता आपटतीलच असं खंड्याला वाटलं.

“म्हणजे घरातलं सगळं समुद्राच्या तळाला पोचलंय म्हणा की,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रेडिओने त्याला जिन्यावर आणलं. दोघं पायऱ्यांवर बसले. खंड्याने उजवा कान त्याच्याकडे येईल अशी जागा धरली.

“मला तार धरता येणार नाही,” तो म्हणाला. “कानात वाजतं. त्यातून ऐकू येत नाही. मुकादमाला मी उद्या सांगतो. पण तुझी रजा अडेल, म्हणून आधी तुला.”

रेडिओ पायरीची चीर नखाने कोरू लागला. “रजेचं बघेन मी,” तो म्हणाला. “त्या पोराचा जीव वाचवलास, एवढं धर.” मग खाली मान घालून म्हणाला, “तुला म्हणून सांगतो. मला भीती वाटते रे त्या खुर्चीत. गप्प बसलं की खालच्याचा नुसता श्वास ऐकू येतो आणि दोन श्वासांच्या मधे माझं काळीज थांबतं. म्हणून मी बडबडतो. समोरून हूं आलं की माणूस आहे. तू असलास तरी बडबडतो, दुसरा कुणी असला तरी.”

दुसरा कुणी असला तरी. खंड्याने ते ऐकलं, चांगल्या कानाने ऐकलं. शिट्टी चालूच होती. राग आला नाही. जीव तेवढा लहान झाला.

“हे वाजायला लागलं केव्हापासून?” रेडिओने विचारलं.

“शेवटच्या दिवशी. वर येताना. कान फुटेल असं वाटत होतं.”

“आणि गप्प राहिलास?” रेडिओचा आवाज चढला. “अरे, तुला हळू वर घेतला असता, मधे थांबवला असता, कान तरी राहिला असता. मी तारेवरच बसलो होतो ना. एक शब्द बोलायचास.”

“तू मुलीच्या स्थळाचं सांगत होतास,” खंड्या म्हणाला. “मधे बोललो असतो तर तू थांबला असतास.”