साडूचा हातगुण

चहा घ्या आधी, निवतोय. घेतलात? आता सांगतो. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, कारण आमच्या सासरच्या मंडळींनी या गोष्टीवर इतकं हसून घेतलंय की तुमच्या हसण्यानं माझं नव्यानं काही जायचं नाही.

तुम्हाला साडू आहे का हो? नसेल तर तुम्ही सुखी माणूस. बायकोच्या बहिणीचा नवरा ही काय चीज असते ते तुम्हाला कळायचं नाही. भाऊ असता तर भांडलो असतो, शेजारी असता तर बोलणं टाकलं असतं. साडूशी यातलं काहीच करता येत नाही. दिवाळीला पाटाशेजारी पाट मांडलेला असतो, आणि आपण हसून बोलत असताना डोळा मात्र सासूच्या हातातल्या तुपाच्या वाटीवर असतो. त्याच्या पानात किती पडलं, आपल्या पानात किती.

माझा साडू शंकरराव. पेठ वडगावला त्याचं भुसारी मालाचं दुकान. उंच, गोरा, आणि स्वभावानं गोड. हाच त्याचा मला सगळ्यात जास्त राग! नावं ठेवायला जागाच ठेवायचा नाही हो माणूस.

नात्यानं मी थोरला जावई, तो धाकटा. सासऱ्यांना आम्ही दोघंही मामाच म्हणायचो. तर हे मामा चारचौघांत ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे धाकटे जावई. लाखात एक बगा." मग माझ्याकडं वळायचे. "आणि हे थोरले."

बस्स. पुढं काही नाही. जशी काही मी माळ्यावरची थोरली ट्रंक. सरळ सांगतो, मी जळायचो. लाखात एक, हे दोन शब्द एकदा तरी मामांनी माझ्यासाठी काढावेत, एवढीच माझी इच्छा होती.

त्यात शंकररावानं मोटार घेतली. नवी कोरी, निळी. मग काय, थोड्याच दिवसांत मीही घेतली. माझी जुनी होती, काळी. आता तुम्ही विचाराल, मला मोटारीची गरज होती का? कोल्हापुरात गुजरीत माझं सराफीचं दुकान, आणि दुकानाच्याच माडीवर घर. कामावर जायला मला फक्त जिना उतरावा लागायचा. पण शंकररावाकडं मोटार होती ना, मग झालं तर.

तेव्हा पेट्रोल नुकतंच भडकलं होतं. सणाला मामांकडं जेवताना तोच विषय निघाला. शंकरराव म्हणाला, माझी गाडी नुसत्या वासावर चालते. मामांनी कौतुकानं मान डोलावली आणि मला विचारलं, "थोरल्यांची काय म्हनती?" माझी गाडी पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची. मी भाताचं आळं करत बसलो.

घरी आलो तो पेटूनच. दुसऱ्या दिवशी गाडी पुढून मागून तपासली, आणि चोर सापडला! टाकीच्या टोपणाला एक बारीकसं भोक होतं. आता मला सांगा, अत्तराच्या बाटलीचं बूच सैल राहिलं तर अत्तर उडून जातं की नाही? मग पेट्रोल काय वेगळं? माझं सगळं पेट्रोल त्या भोकातून हवेत चाललं होतं, आणि मी आपला इंजिनाला दोष देत होतो.

मी पडलो सराफ. आपल्या कोल्हापुरी साजाचे मणी आतून पोकळ असतात. ते चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरतात. लाख भरण्यात अख्ख्या गुजरीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. टोपण दुकानात नेलं, लाख तापवली, भोकात भरली, ओल्या अंगठ्यानं दाबली आणि वरून अशी घोटली की तिथं कधी भोक होतं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मनात म्हटलं, शंकरराव, आता बघू कुणाची गाडी वासावर चालते.

पुढच्याच रविवारी मी आणि सुमन, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, गाडीतून वडगावला निघालो. शंकररावाकडंच जेवायला बोलावणं होतं. कोल्हापूर सुटलं, अर्धी वाट झाली, आणि गाडी आचके देऊन जी थांबली ती थांबलीच. मी स्टार्टर ओढला, हँडल मारलं, ढकलून पाहिली. घामानं कोट भिजला, पण ती काही बोलेना.

आम्हाला उशीर झालेला बघून शंकरराव निळी गाडी घेऊन शोधायला आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "पेट्रोल हाय न्हवं, पावणं?"

बघा. म्हणजे माझी ऐपत काढली. माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला, त्यामुळं दाखवायची सोय नव्हती. त्यानं रस्त्याकडेची एक काडी उचलली, टोपण उघडलं, काडी टाकीत बुडवून पाहिली, टोपण लावलं आणि आत बसून स्टार्टर ओढला. जराशी कुरकुरली, आणि गाडी सुरू झाली की!

"भाऊजींच्या हाताला गुन हाय बाई," सुमन म्हणाली. ते मला अजून ऐकू येतंय.

त्या जेवणात मला मीठ लागलं नाही की साखर लागली नाही. शंकररावानं मात्र मनापासून सल्ला दिला. उद्यमनगरात त्याचा मिस्त्री होता, गाडी डोळे झाकून त्याच्याकडं टाका म्हणाला. डोळे झाकून म्हटल्यावर माझे डोळे उघडले. म्हणजे माझ्या गाडीचं सगळं दुखणं त्याचा मिस्त्री त्याला सांगणार, आणि तो मामांना सांगणार! छे. मी मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला बाबू मिस्त्रीकडं गेलो.

बाबूनं प्लग काढले, पुसले, कार्बोरेटर धुतला, गाडी आवारात चार वेळा फिरवली. आवारात ती शहाण्या मुलीसारखी चालायची. शेवटी तो म्हणाला, "पावणं, गाडीला काय बी झाल्यालं न्हाई. तुमी कुठं कायतरी केलायसा काय?"

मी म्हणालो, काही नाही. आणि मी खोटं बोललो नाही बरं का. टोपणाचं काम सराफीतलं होतं. त्याचा गाडीच्या दुरुस्तीशी काय संबंध?

बाबूला अक्कल नाही असं ठरवून मी आणखी एका मिस्त्रीकडं गेलो. त्याला अक्कल नाही असं ठरवून तिसऱ्याकडं. शंकररावाच्या मिस्त्रीकडं तेवढा गेलो नाही. गाडी गावात नीट चालायची, आणि लांब गेलो की वाटेत बसायची. बराच वेळ तिची मनधरणी केली की मग कशीबशी निघायची.

एकदा पन्हाळ्याहून येताना तर अगदी गुजरीच्या तोंडावर बसली. ऐन बाजाराची वेळ. आणि नेमका शंकरराव खरेदीला शहरात आलेला! त्यानं आल्या आल्या काडी शोधली, टोपण उघडलं, काडी बुडवली, टोपण लावलं. गाडी सुरू. अख्खी गुजरी दुकानाच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. समोरच्या काकूंनी घरातला बंद पडलेला रेडिओ आणून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं नुसता हात लावला, आणि तोही लागला हो. आता काय बोलायचं?

त्या दिवसापासून सुमन लांब जायचं म्हटलं की विचारायची, "भाऊजी हायत न्हवं संगं?" माझी बायको, माझी गाडी, आणि भरवसा कुणाचा, तर साडूचा. 

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातगुण वगैरे काही नाही. तो दर वेळी काडी घालत होता! आपण उगीच नाही म्हणत, अमक्यानं काडी घातली. त्या काडीत काहीतरी मेख होती. गाडी बंद पाडायची युक्ती त्याचीच, आणि सुरू करायचीही त्याचीच. मी ठरवलं, यापुढं शंकररावाची काडी माझ्या टाकीत जाता कामा नये.

एवढ्यात आमच्या मेहुण्याचं, दिलीपचं, लग्न ठरलं. मुलगी गारगोटीची. वऱ्हाड कोल्हापुरातून मोटारीनं जाणार. आता नवरदेवाची गाडी कुणाची? मान थोरल्या जावयाचा, यात वादच नाही. पण मामा दाढी खाजवत म्हणाले, "पावणं, गाडी पोचंल न्हवं? न्हाईतर शंकररावांची..."

"पोचंल," मी म्हणालो. तेवढं बोलायला मला किती ताकद लागली ते माझं मला माहीत. गाडी धुतली, पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. टाकीच्या टोपणावर तर मी मुद्दाम माळेचे तीन वेढे दिले आणि सुतळीनं गाठी मारल्या. घाल म्हटलं आता काडी.

निघालो. पुढं माझी गाडी, आत मुंडावळ्या बांधलेला दिलीप, मामा आणि सुमन. मागं शंकररावाची निळी, तिच्यामागं वऱ्हाडाची मोठी गाडी. मी काय ऐटीत चालवत होतो म्हणता! मामा एकदा म्हणालेसुद्धा, "बरी चालतीया की." ऐकून मला वाटलं, आता ते दोन शब्द येणारच. गारगोटीत मांडवापुढं उतरल्यावर मुलीकडच्यांना ओळख करून देतील, तेव्हा.

गारगोटी दिसायला लागली, आणि गाडीनं आचका दिला. मग दुसरा. मग चढावरच थांबली. मुहूर्त जवळ आलेला. मागची सगळी वाहनं थांबली, वऱ्हाड खाली उतरलं, आणि गर्दीतून शंकरराव पुढं आला. हातात काडी.

मी दोन्ही हात पसरून टोपणापुढं उभा राहिलो.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो.

"आवं पावणं, बगू तरी द्या. मुहूर्त टळंल."

"तुमीच काडी घालताय माज्या गाडीत! जळताय माज्यावर. न्हाईतर तुमच्याच हातानं कशी सुरू हुती ही?"

शंकरराव बिचारा काडी हातात धरून तसाच उभा राहिला. सुमननं पदर तोंडाला लावला.  मग मामा गाडीतून उतरले. मला म्हणाले, "सरा. मी बगतो."

मामांपुढं काय करणार? सरलो. त्यांनी सुतळीच्या गाठी सोडल्या, माळेचे वेढे काढले आणि टोपण फिरवलं. तशी टाकीनं केवढा मोठा श्वास घेतला हो! स्स्स्स करून लांबलचक. वऱ्हाडातल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. इतके दिवस शंकररावानं टोपण उघडताना तो झालाच असणार, पण माझं सगळं लक्ष त्याच्या काडीकडं.

मामांनी टोपण उलटंसुलटं केलं. मग निळ्या गाडीचं टोपण काढून आणायला लावलं आणि दोन्ही शेजारी धरली. "ह्येला भोक हाय. ह्येला का न्हाई? हवा कुठनं जायाची आत? आन हवा आत गेल्याबिगर पेट्रोल खाली कसं उतरायचं?" त्यांनी चष्मा लावला, नखानं खरवडलं. तांबूस कपची निघाली. मामांनी ती बोटांत चुरडली, आणि सावकाश मान वर करून सुमनच्या गळ्यातल्या साजाकडं पाहिलं. तो साज मीच घडवलेला.

"लाख हाय ही," मामा म्हणाले.

"असंल मामा," शंकरराव घाईनं म्हणाला, "कारखान्यातनंच तशी येत असंल एकादी."

म्हणजे बघा. भर रस्त्यात मी त्याच्यावर आळ घेतला, आणि हा मला झाकायला बघतोय. धरणीनं पोटात घेतलं असतं तर गाडीसकट गेलो असतो. मामांनी नुसतं मनगट हलवलं आणि त्याला गप्प केलं. दिलीपच्या पोशाखातली एक टाचणी घेऊन त्यांनी भोक मोकळं केलं. मी आत बसलो, स्टार्टर ओढला. गाडी सुरू झाली. माझ्या हातानं, मनधरणी न करता, पहिल्यांदा.

मुहूर्त गाठला. मांडवाच्या तोंडाशी मुलीकडची मंडळी पायघड्या घालून उभी होती. मामा दोन्ही जावयांना घेऊन पुढं झाले. शंकररावाकडं हात करून म्हणाले, "हे आमचे धाकटे जावई." एवढंच. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि हे थोरले. लाखात एक."

आमचं वऱ्हाड जे फुटलं! कुणी गुडघ्यावर हात मारतंय, कुणी खांबाला टेकतंय. नवरदेवाच्या मुंडावळ्या गदागदा हलत होत्या. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मुलीकडच्या लोकांना काय माहीत? त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि पहिला हार माझ्या गळ्यात घातला.

ज्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं जळत होतो, ते असे मिळाले. आजही सासरी कुठलंही कार्य असलं की माझी ओळख तशीच होते, आणि सगळे तसेच हसतात.

एक शंकरराव तेवढा त्या दिवशी हसला नाही. मान खाली घालून उभा होता, मला वाईट वाटू नये म्हणून. बघा की, तिथंही चांगला कोण ठरला, तर तोच!