पिवळं वाण

मी नोएडात मोबाइलच्या कारखान्यात नोकरी करते. फोनच्या सुट्या भागांत शिसं किंवा कॅडमियम आहे का, हे क्ष-किरणांच्या मशीननं तपासायचं आणि सापडलं की माल परत पाठवायचा, हे माझं काम. त्या आठवड्यात एका पुरवठादाराला मी चांगलंच फैलावर घेतलं होतं. "ये चीज़ बच्चों के हाथ में जाती है," असंही सुनावलं होतं. मग दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना तो किस्सा रंगवून सांगितला आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक मोबाइल स्टँड दिला. प्लॅस्टिकचा, हळदीसारखा पिवळाधमक. घाऊक बाजारात तो रंग बघूनच मी भुलले होते.

उरलेला एक स्टँड मी ऑफिसातल्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन नीट चालतंय ना हे बघायला काहीतरी हवं होतं, म्हणून हाताशी असलेला तोच लावला. पडद्यावर शिशाचा आकडा लाल झाला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मशीन ठणठणीत होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. मेट्रोत काय बोलायचं ते जुळवत होते. वाण परत मागतं का कुणी? गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे, असंही मनात आलं आणि स्वतःचीच किळस वाटली. आमच्या वरच्या मजल्यावर साताऱ्याची एक मुलगी राहते, तीही हळदीकुंकवाला आली होती. तिच्या बाळाला दात येत होते, दिसेल ते तोंडात घालायचं. म्हणून आधी तिच्याकडे गेले.

बाळ सतरंजीवर बसलं होतं आणि स्टँड त्याच्या तोंडात होता. मी तो हिसकावूनच घेतला. ते रडायला लागलं. शिसं, रंग, मशीन, जे सुचेल ते मी बोलत सुटले. आजच डॉक्टरकडे जाऊ, रक्त तपासून घेऊ, मी सोबत येते, म्हटलं.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं बाळाला उचललं, ओढणीनं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी याला प्लॅस्टिकचं काहीच देत नाही हो ताई. हे तुम्ही दिलेलं, म्हणजे बिल्कुल चेक केलेलं असणार, म्हणून दिलं."